एकाच गेमचे किती भाग घ्यायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे ते नवी मुंबई पट्ट्यात आम्ही काही जण वापरलेल्या गेम डिस्कची अदलाबदल करतो. कुणी नौपाड्यातून येतं, कुणी नेरूळहून. बहुतेक वेळा ट्रान्स-हार्बरच्या एखाद्या स्टेशनवरच देवाणघेवाण उरकते. त्यात आई-वडील भेटतात, कॉलेजची मुलं भेटतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. दर वर्षी नवा भाग कशाला? एकदा पैसे मोजल्यावर परत पैसे कशाचे? आवडती सिरीज अशी बेचव का झाली? फोनवर तुटक उत्तरं देण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मला गेम मनापासून आवडतात, म्हणून काही ठिकाणी राग दिसेल.

मुलगा दर वर्षी फुटबॉलचा नवा गेम मागतो. तो खरंच नवा असतो का?

थोडासा असतो. संघ, जर्सी आणि खेळाडूंचे रेटिंग बदलतात, पळण्यात-वळण्यात काही सुधारणा होते, अधूनमधून एखादा नवा मोड येतो. 1993 साली सुरू झालेली 'फिफा' सिरीज 'फिफा 23' पर्यंत त्या नावाने आली आणि 2023 पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी' झाली. नाव बदललं, वर्षाला एक भाग हा शिरस्ता तसाच राहिला.

नवेपणा किती कमी असू शकतो ते निन्टेन्डो स्विचवर उघड दिसलं. 'फिफा 20' पासून 'फिफा 23' पर्यंत स्विचवर आलेल्या चारही गेमना ईए या कंपनीनेच 'लेगसी एडिशन' म्हटलं होतं. म्हणजे संघ आणि जर्सी ताज्या, बाकी गेम जुनाच. याउलट कोनामी या दुसऱ्या कंपनीने 2020 मध्ये आपल्या 'पेस 2021' या फुटबॉल गेमला सरळ 'सीझन अपडेट' म्हटलं आणि तो साधारण 30 डॉलरला विकला, म्हणजे त्या काळच्या नव्या गेमच्या निम्म्या किमतीत. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. काम निम्मं केलंय तर दामही निम्मा घ्यावा.

तुमचा मुलगा घरी भावंडांबरोबर, मित्रांबरोबर खेळत असेल तर दोन वर्षांपूर्वीचा भाग चालतो. आमच्याकडे तो काहीशे रुपयांत मिळून जातो. नव्याला चार-पाच हजार लागतात. तो ऑनलाइन 'अल्टिमेट टीम' खेळत असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

म्हणजे सिक्वेल वाईटच का?

अजिबात नाही. आपल्याकडे दिवाळी अंक दर वर्षी निघतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही, कारण आतला मजकूर दर वर्षी नव्याने लिहिलेला असतो. सिक्वेलचंही तसंच आहे. 'झेल्डा' सिरीजमधला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मार्च 2017 मध्ये आला आणि 'टिअर्स ऑफ द किंगडम' मे 2023 मध्ये. भूभाग बराचसा तोच, तरी खेळाडूच्या हातात वस्तू जोडून यंत्रं बनवायची अशी काही ताकद दिली की ओळखीची जागाही नव्याने शोधावीशी वाटली.

भाग किती आले यापेक्षा माझा आक्षेप क्रमाला आहे. कॅलेंडरवर तारीख आधी ठरते आणि तिला पुरवठा म्हणून गेम बनतो. पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात हे पुन्हा येईल.

कंपन्या असं करतात तरी का? त्यांनाही चांगला गेम हवाच असेल ना?

बनवणाऱ्यांना नक्कीच हवा असतो. पैसे लावणाऱ्यांचं गणित निराळं असतं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट-अ‍ॅक्टिव्हिजन खटल्यात सोनीच्या कागदपत्रांमधून बाहेर आलं की 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' वर सुमारे 22 कोटी डॉलर खर्च झाले होते. इतका पैसा अनोळखी नावावर लावायला कुणी सहजासहजी धजत नाही. ओळखीच्या नावावर निदान ठरावीक विक्री तरी होईल असा भरवसा असतो.

इथवर मला समजतं. त्यापुढचं मान्य नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डचे तेव्हाचे प्रमुख बॉबी कोटिक यांनी गुंतवणूकदारांना काही गेम सोडून दिल्याचं कारण सांगितलं होतं. ज्या गेमचे दर वर्षी, प्रत्येक मशीनवर भाग काढून कमाई करता येणार नाही, ते आमच्या कामाचे नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. गेम चांगला की वाईट हा मुद्दा त्या निकषात कुठे येतच नाही.

पण अति केल्यामुळे एखादी सिरीज खरंच बुडाली आहे का?

हो. त्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण 'गिटार हिरो'.

पहिला गेम 2005 मध्ये आला. प्लॅस्टिकची गिटार गळ्यात, तिच्या मानेवर पाच रंगांची बटणं, आणि पडद्यावर रंगीत खुणा खाली येतील तशी ती दाबायची. गिटार येत नसलेल्या माणसालाही आपण वाजवतोय असं वाटायचं, आणि ते वाटणं अस्सल होतं. हार्मोनिक्स नावाच्या छोट्या स्टुडिओने तो बनवला होता. 2006 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने त्याचा प्रकाशक रेडऑक्टेन विकत घेतला, हार्मोनिक्स दुसरीकडे गेले आणि त्यांनी 'रॉक बँड' सुरू केला. 2007 चा 'गिटार हिरो 3' तुफान खपला. आणि मग धरबंदच राहिला नाही. 2009 या एका वर्षात 'मेटालिका', 'स्मॅश हिट्स', 'गिटार हिरो 5', 'बँड हिरो', 'व्हॅन हेलन' आणि वर 'डीजे हिरो'! काहींबरोबर नवं वाद्यही होतं. ही वाद्यं ठेवणार कुठे? कोपरखैरण्याच्या वन-बीएचकेत एक गिटार कपाटावर चढवता येते, ड्रमचा संच नाही. अमेरिकेतल्या मोठ्या घरांतही लोकांना तेच वाटलं असावं, कारण पुढच्याच वर्षी विक्री कोसळली होती. फेब्रुवारी 2011 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने तो विभागच बंद केला. सुरुवातीपासून सहा वर्षंही झाली नव्हती.

2015 मध्ये 'गिटार हिरो लाइव्ह' आला. त्यातली बहुतेक गाणी इंटरनेटवरून यायची. डिसेंबर 2018 मध्ये ती सेवा बंद झाली आणि 484 गाण्यांपैकी डिस्कवरची 42 उरली. ही डिस्क आमच्याकडे कुणी विचारली तर मी हे आधी सांगतो, मगच भावाचं बोलतो.

'टोनी हॉक' या स्केटबोर्डच्या सिरीजचंही 1999 ते 2010 असंच झालं. शेवटी प्लॅस्टिकचा स्केटबोर्ड पायाखाली देऊन पाहिला, तोही चालला नाही. 2020 मध्ये पहिले दोन भाग निगुतीने नव्याने बनवले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतले. म्हणजे गोडी कमी झाली नव्हती, माणसं दमली होती.

'कॉल ऑफ ड्यूटी' तर दर वर्षी येतं. ते कुठे बुडालं?

बुडालं नाही, बरोबर. पहिला भाग 2003 चा, आणि 2005 पासून एकही वर्ष रिकामं गेलेलं नाही. त्यांनी कामाची पाळी लावली. इन्फिनिटी वॉर्ड, ट्रेयार्क आणि स्लेजहॅमर हे स्टुडिओ आळीपाळीने भाग बनवतात, त्यामुळे दुकानात वर्षाला एक भाग दिसला तरी प्रत्येक चमूला दोन-तीन वर्षं मिळतात. त्यांच्या मदतीला आणखी स्टुडिओ जुंपलेले असतात. 'ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर' वर त्याच्या एकूण काळात 70 कोटी डॉलरहून जास्त खर्च झाल्याचं न्यायालयीन कागदपत्रांत आलं आहे.

पण ही पाळी जरा चुकली की दिसतं. 2023 चा 'मॉडर्न वॉरफेअर 3' आठवा. त्याची कथेची मोहीम इतकी तोकडी होती की समीक्षकांनी झोडपून काढलं. आमच्याकडे ज्या मुलांनी पहिल्या दिवशी घेतला, त्यांच्या डिस्क महिनाभरात अदलाबदलीला आल्या. जी सिरीज चालते तिच्यातही दमलेला भाग येतोच, आणि त्याचीही पूर्ण किंमत आपणच मोजतो.

मधे एखादं वर्ष थांबलं तर काय बिघडतं?

काहीच नाही. उलट बिघडलेलं सावरतं.

'असॅसिन्स क्रीड' 2007 मध्ये सुरू झालं आणि 2009 पासून दर वर्षी येऊ लागलं. नोव्हेंबर 2014 मध्ये 'युनिटी' आला तेव्हा पॅरिस शहर अप्रतिम उभं केलं होतं, पण गेम जागोजागी तुटलेला. माणसांचे चेहरे गायब होऊन हवेत नुसते डोळे, दात आणि केस तरंगत असल्याची चित्रं सगळीकडे फिरली. युबीसॉफ्टने जाहीर माफी मागितली आणि 'डेड किंग्ज' हा जास्तीचा भाग फुकट दिला. तो गेम मी पुढे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, आल्यानंतर पूर्ण खेळलो. नोत्र दामच्या छतावर उभं राहिल्यावर वाटतं, या लोकांना आणखी काही महिने का दिले नाहीत? ज्यांनी एवढं शहर दगड-दगड रचलं, त्यांच्या वाट्याला चेष्टा आली, ती केवळ तारखेपायी.

2015 ला 'सिंडिकेट' आला, त्याने 'युनिटी' ची किंमत मोजली असं तेव्हा म्हटलं गेलं. मग 2016 मध्ये कंपनीने मुख्य भाग काढलाच नाही. 2017 च्या 'ओरिजिन्स' मध्ये प्राचीन इजिप्त होतं, मारामारीची पद्धत मुळापासून बदलली होती, आणि सिरीजला पुन्हा जीव आला. 'रेसिडेंट ईव्हिल' चंही तेच. 2012 चा सहावा भाग भरकटला, 2017 चा सातवा नव्या नजरेने केलेला आणि पुन्हा भीती वाटायला लावणारा.

डीएलसी, एक्स्पान्शन, सीझन पास: घ्यायचं कोणतं आणि टाळायचं कोणतं?

डीएलसी म्हणजे मूळ गेमला जोडायचा, वेगळा डाउनलोड करायचा जास्तीचा माल; एक्स्पान्शन म्हणजे त्यातलाच मोठा प्रकार. आधी एक जुनी गोष्ट. एप्रिल 2006 मध्ये बेथेस्डाने 'ऑब्लिव्हियन' मध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. घोडा छान दिसायचा, खेळात फारसा फरक पडायचा नाही. लोक भडकले, आणि विकत घेणारेही पुष्कळ निघाले. आजच्या स्किनच्या, म्हणजे नुसतं रूप बदलणाऱ्या पोशाखांच्या, बाजाराकडे पाहिलं की तो घोडा आठवतो.

मी स्वतः एकच पाहतो, हे कधी बनलं? मूळ गेम पूर्ण करून, लोकांच्या हाती देऊन, त्यानंतर बसून बनवलं असेल तर मोबदला देणं योग्यच आहे. 'विचर 3' मे 2015 चा. 'हार्ट्स ऑफ स्टोन' ऑक्टोबरमध्ये आलं आणि 'ब्लड अँड वाइन' मे 2016 मध्ये. दुसऱ्यात अख्खा नवा प्रदेश, नवी माणसं, वीसेक तासांची कथा. अनेक कंपन्या एवढ्याला वेगळा भाग म्हणून पूर्ण किंमत लावतील.

आणि दुसरं टोक बघा. 2012 मध्ये कॅपकॉमच्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' च्या डिस्कवर 12 योद्धे आधीच भरलेले होते, फक्त कुलूप लावून. लोकांनी फाइल उघडून पाहिल्या तेव्हा ते कळलं. डिस्क तुमच्या घरात, योद्धे डिस्कवर, आणि किल्लीसाठी वेगळे पैसे. त्याच वर्षी 'मास इफेक्ट 3' मध्ये कथेच्या गाभ्याशी जोडलेलं एक पात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या पैशांत होतं. असलं मी कधी घेत नाही आणि कुणाला घ्या म्हणत नाही.

सीझन पास म्हणजे पुढे येणारी डीएलसी आधीच एकत्र घेणं, हा तर न पाहिलेल्या मालाचा आगाऊ सौदा. काय येणार हे कंपनीनेच अजून ठरवलेलं नसतं. थांबा, सगळं आलं की एकत्र स्वस्तात मिळतं. 'सिम्स 4' हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. 2014 चा गेम, ऑक्टोबर 2022 पासून मूळ गेम फुकट, पण सगळे पॅक मूळ किमतीने घेतले तर बेरीज 1,000 डॉलरच्या पुढे जाते. घरात कुणाला आवडत असेल तर वाढदिवसाला एक पॅक द्या, आणि तो ज्याचा त्यालाच निवडू द्या.

अल्टिमेट टीमच्या पॅकमध्ये मुलाने पैसे घातले. हा जुगार आहे का?

अल्टिमेट टीममध्ये खेळाडूंचे बंद पॅक उघडून आपला संघ जमवायचा असतो, आणि हे पॅक पैसे देऊनही घेता येतात. बेल्जियमच्या नियामकाने एप्रिल 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा लूट बॉक्सना तिथल्या कायद्याप्रमाणे जुगार ठरवलं. त्यानंतर जानेवारी 2019 मध्ये ईएने तिथे 'फिफा पॉइंट्स' विकणं थांबवलं. सगळ्या देशांनी तसं मानलेलं नाही. पण पैसे देताना आत काय आहे हे माहीत नसतं, हव्या असलेल्या खेळाडूची शक्यता फार कमी असते आणि समोरचा दहा-बारा वर्षांचा आहे. एवढं मला पुरेसं आहे.

यात दर वर्षीच्या नव्या भागाचा थेट संबंध आहे. या वर्षी जमवलेला संघ पुढच्या वर्षीच्या गेममध्ये जात नाही. सगळे मित्र नव्या भागात गेले की जुना संघ ओस पडतो, आणि पुन्हा पहिल्यापासून पॅक. मार्च 2021 ला संपलेल्या आर्थिक वर्षात ईएच्या अल्टिमेट टीमची कमाई 162 कोटी डॉलर होती, कंपनीच्या एकूण महसुलाच्या चतुर्थांशाहून जास्त. एवढा पैसा येत असेल तर शिरस्ता आपणहून कोण मोडेल?

मुलावर ओरडू नका. कन्सोलवर मुलाचं वेगळं खातं उघडा, त्याच्या खर्चाची मर्यादा शून्यावर ठेवा आणि खात्यावरचं साठवलेलं कार्ड काढून टाका. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हीकडे ही सोय आहे.

रीमास्टर, रीमेक म्हणजे जुनंच परत विकणं नाही का?

कधी हो, कधी नाही. रीमास्टर म्हणजे जुनाच गेम चकचकीत करून, रीमेक म्हणजे तोच गेम नव्याने बनवून. 'जीटीए 5' 2013 मध्ये आला, 2014 मध्ये पुढच्या पिढीच्या कन्सोलवर, 2022 मध्ये त्याच्याही पुढच्या. 'स्कायरिम' 2011 चा, त्याच्या आवृत्त्या दहा वर्षांनंतरही येत राहिल्या. तुमच्याकडे आधीचा असेल तर नवा घ्यायची घाई नको. कधीच खेळला नसाल तर ताजी आवृत्ती घ्या, बिनधास्त. 'रेसिडेंट ईव्हिल 2' चा 2019 चा रीमेक पाहा, 1998 चा गेम पायापासून नव्याने बांधला आहे. त्याला जुनं कोण म्हणेल?

वापरलेली डिस्क घेताना या सगळ्याचा काय संबंध?

फार मोठा, आणि बहुतेक जण इथेच फसतात. स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर डिस्क हातात आली की सगळे ती उलटी करून मोबाइलच्या टॉर्चखाली ओरखडे बघतात. ते बघाच, पण त्याआधी डबीच्या आतल्या डाव्या बाजूला अडकवलेली कागदाची चिठ्ठी बघा. 'सगळ्या डीएलसीसह' असं कव्हरवर छापलेलं असतं, आणि ती डीएलसी म्हणजे पुष्कळदा या चिठ्ठीवरचा एकदाच वापरायचा कोड असतो. पहिल्या मालकाने तो वापरलेलाच असणार. तुम्हाला मिळतो तो नुसता मूळ गेम, तर भावही मूळ गेमचाच द्या.

मग कव्हरवरचं वयाचं चिन्ह बघा. पेगीचा रंगीत आकडा असेल तर युरोपकडची आवृत्ती, काळं-पांढरं ईएसआरबीचं अक्षर असेल तर अमेरिकेची. प्लेस्टेशनवर डिस्कचा आणि डीएलसीचा प्रदेश जुळावा लागतो. अमेरिकेहून मामाने आणलेल्या डिस्कवर आपल्या भारतीय स्टोअरमधून घेतलेली डीएलसी सहसा चालत नाही, आणि ते पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

डिस्कवर गेम असतोच असंही नाही. 2022 च्या 'मॉडर्न वॉरफेअर 2' च्या पीएस5 डिस्कवर जेमतेम 70 एमबी डेटा होता, बाकी सगळं डाउनलोड. ज्या घरात नेटचा डेटा मोजून वापरावा लागतो, तिथे हे आधी सांगायलाच हवं.

ज्या सिरीजचे भाग येणंच बंद झालं, तिचं काय होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर आपल्या गल्लीत आहे. ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट 07' नोव्हेंबर 2006 मध्ये आला. त्यानंतर ईएने ती सिरीज सोडून दिली. परवाने मोजक्या संघांचे होते, आपल्या खेळाडूंची नावं बदललेली. पण आपली मुलं थांबली नाहीत. त्यांनी खऱ्या नावांचे, जर्सींचे, स्टेडियमचे, बॅटच्या स्टिकरचे पॅच बनवले. आयपीएल 2008 मध्ये सुरू झाली, म्हणजे हा गेम आयपीएलच्या आधीचा. तरी ठाण्यातल्या सायबर कॅफेत पोरं त्यावर मुंबई विरुद्ध चेन्नई खेळत असत, आणि आजही जुन्या कॉम्प्युटरवर तो ताज्या संघांसकट चालवणारे भेटतात. हे काम त्यांनी रात्री जागून, फुकट केलं. एकेका खेळाडूचा चेहरा फोटोवरून बसवायचा, मग सामना लावून बघायचा, कान जरा वर गेलाय म्हणून परत खाली आणायचा.

फुटबॉलला दर वर्षी एक भाग आणि क्रिकेटला त्या कंपनीकडून इतक्या वर्षांत एकही नाही. मला कुणी विचारलं तर चार-पाच वर्षांनी एक, पण नीट केलेला, एवढंच मागेन.

मोबाइलवरच्या फुकट गेमना भागच नसतात. ते बरे नाहीत का?

तिथे भागाऐवजी सीझन येतो. 'बीजीएमआय' सारख्या गेममध्ये पास विकत घ्यायचा आणि तो संपायच्या आत बक्षिसं मिळवायची. वर्षाची तारीख जाऊन महिन्या-दोन महिन्यांची आली. पैशांपेक्षा मुलाचा वेळ त्यात जास्त जातो.

मग गेम घ्यायचा कधी?

आल्यावर दोन-तीन महिन्यांनी. पॅच आलेले असतात, खेळून झालेल्यांचं मत कळलेलं असतं, किंमत उतरलेली असते. प्री-ऑर्डर करू नका. डिजिटल प्रती संपत नाहीत, रांग नाही, मग आगाऊ पैसे देऊन आपल्याला काय मिळतं? एक स्किन.

आपल्यासारख्यांच्या म्हणण्याने कंपनीला काही फरक पडतो का?

पडतो, वेळेवर बोललं तर. 2017 मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2' मधल्या लूट बॉक्सवरून एवढा गदारोळ झाला की गेम बाजारात यायच्या तोंडावर ईएने त्यातली पैसे देऊन खरेदी बंद केली. 'द क्रू' हा युबीसॉफ्टचा गेम 31 मार्च 2024 ला सर्व्हरसह बंद झाला, विकत घेतलेल्यांनाही खेळता येईना. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि जुलै 2025 मध्ये तिच्या युरोपीय नागरिक-याचिकेने 10 लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ती याचिका युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी होती, आपली सही तिथे चालत नव्हती.

आपल्याला करता येण्यासारखं म्हणजे रिफंड. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. नवा भाग जुन्यासारखाच निघाला, तुटका निघाला, तर मागा. त्या अर्जात कारण लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नका.